आयल्ट्सची तयारी: आधी चारातलं कच्चं कौशल्य शोधा

आयल्ट्स (IELTS) म्हणजे परदेशी शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांचं इंग्रजी मोजणारी परीक्षा. ती पहिल्यांदा दिली तेव्हा माझा निकाल असा होता: लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७, रायटिंग ६. सरासरी ७.१२५, म्हणजे एकूण बँड ७. घरी पेढे आले. दोन दिवसांनी विद्यापीठाचं पत्र पुन्हा नीट वाचलं तेव्हा खालची ओळ दिसली: एकूण साडेसहा हवेत आणि कुठल्याही एका कौशल्यात साडेसहाच्या खाली नको. पेढे खाऊन झाले होते, आणि प्रवेश गेला होता.

त्याआधी तीन महिने मी क्लासला जात होतो. तिथे व्याकरण झालं, शब्दांच्या याद्या पाठ झाल्या, लिसनिंगच्या ढीगभर चाचण्या झाल्या. लिसनिंग माझं आधीपासूनच बरं होतं. माझे निबंध मात्र त्या तीन महिन्यांत कुणी धडपणे वाचले नाहीत, आणि वाचा असं मीही कुणाला म्हटलं नाही. मी ‘इंग्रजी’ची तयारी करत बसलो. परीक्षा मात्र ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चार वेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या मोजते. त्यातली एक लंगडी असली की उरलेल्या तीन कितीही पळाल्या तरी अडायचं तिथे अडतंच.

फॉर्म भरण्याआधी

आयल्ट्स १९८९ पासून चालू आहे. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी ही ऑस्ट्रेलियन कंपनी आणि केंब्रिज विद्यापीठ हे तिघे मिळून ती चालवतात. भारतात २०२१ पासून परीक्षा घेण्याचं काम आयडीपीकडे आहे. गुण ० ते ९ बँडमध्ये मिळतात. नापास असा प्रकार नाही, फक्त तुम्हाला हवा तो बँड मिळाला की नाही एवढंच. निकाल दोन वर्षं चालतो.

प्रकार मुख्यतः दोन. शिकायला जाणाऱ्यांसाठी ॲकॅडेमिक. कामासाठी किंवा स्थायिक व्हायला जाणाऱ्यांसाठी बहुतेक वेळा जनरल ट्रेनिंग. पण ‘बहुतेक वेळा’वर विसंबून वीस हजारांच्या आसपासची फी भरू नका. ब्रिटनच्या काही व्हिसांसाठी यूकेव्हीआय नावाची वेगळी नोंदणी लागते. परीक्षा तीच, पण बुकिंग करतानाच तो पर्याय निवडावा लागतो. जिथे अर्ज करायचा त्या संस्थेचं पत्र किंवा पान उघडा, आणि एका कागदावर पाच आकडे लिहा: एकूण किती हवेत, आणि चार कौशल्यांत प्रत्येकी किमान किती. दोन उदाहरणं देतो. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगमध्ये ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ लागतात. कॅनडात स्थायिक व्हायला एक्स्प्रेस एंट्री नावाची अर्जाची पद्धत आहे. भाषा मोजायच्या तिथल्या सीएलबी या मोजपट्टीवरच्या ज्या ९ पातळीसाठी सगळे धडपडतात, तिथे लिसनिंगला ८ आणि बाकी तिघांना ७ पुरतात. म्हणजे नर्सताईंची आणि कॅनडाला निघालेल्या इंजिनिअरची तयारी एकसारखी असूच शकत नाही.

आणखी एक आपल्याकडची खास भानगड: नाव. आपल्यात स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन नावं. पासपोर्टवर ती कुठल्या रकान्यात कशी बसली आहेत ते बघा, आणि बुकिंगमध्ये अगदी तशीच भरा. लग्नानंतर आधार बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचाच राहिला, असं अनेकींचं होतं. परीक्षेच्या दारात पासपोर्टच चालतो, आधार नाही.

पहिलं काम: एक पूर्ण चाचणी, घड्याळ लावून

क्लास लावण्याआधी, पुस्तकं घेण्याआधी हे करा. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळांवर नमुना प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. रविवारी सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लिसनिंग, रीडिंग, रायटिंग सलग सोडवा. खऱ्या परीक्षेतही मध्ये सुट्टी नसते. पावणेतीन तासांच्या घरात वेळ जातो. स्पीकिंग वेगळं होतं, त्याच दिवशी किंवा आठवडाभर मागेपुढे.

लिसनिंग आणि रीडिंगला प्रत्येकी ४० प्रश्न असतात. ढोबळ हिशोब असा: लिसनिंग आणि ॲकॅडेमिक रीडिंगमध्ये २३ बरोबर म्हणजे ६, ३० म्हणजे ७, ३५ म्हणजे ८. जनरलच्या रीडिंगचे उतारे सोपे असतात म्हणून तिथे मोजमाप कडक आहे, ७ साठी ३४ लागतात. निबंध मात्र स्वतः तपासू नका. इंग्रजी चांगलं येणाऱ्या कुणाला तरी द्या आणि एकच विचारा: प्रश्नात जे विचारलंय त्याचं उत्तर यात आहे का?

आता मघाच्या पाच आकड्यांशेजारी हे आकडे लिहा. जिथे फरक सगळ्यात मोठा, तिथे निम्मा वेळ घाला. आणि बरं चाललंय त्याच विषयाच्या चाचण्या देत बसायचा मोह टाळा. गुण चांगले येतात, त्यामुळे बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

लिसनिंग: एकदाच ऐकू येतं

साधारण अर्धा तास, चार भाग. पहिल्यात दोघांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं, दुसऱ्यात एकटा माणूस माहिती सांगतो, तिसऱ्यात अभ्यासासंबंधी चर्चा, चौथ्यात एखाद्या विषयावरचं व्याख्यान. ध्वनिफीत एकदाच वाजते. पुन्हा नाही.

सोपा म्हणून पहिला भाग लोक हलक्यात घेतात आणि तिथेच गुण घालवतात. हॉलचं बुकिंग चालू आहे असं धरा. बाई नाव सांगते, जेनिंग्ज, आणि स्पेलिंग सांगते: जे, ई, डबल एन, आय, एन, जी, एस. मी सरावात ‘ई’ ऐकून आय लिहायचो, कारण मोबाईलवर मराठी टाइप करताना ‘ई’साठी बोट आयवरच जातं. ‘ए’ ऐकू आलं की इंग्रजी ई लिहायचो, कारण तसंच. मग लक्षात आलं की हा कानाचा दोष नाही, बोटांची सवय आहे. यावर औषध म्हणजे घरातल्या कुणाकडून रोज दहा परदेशी नावांची स्पेलिंगं भराभर वदवून घेणं आणि लिहिणं. आठ दिवसांत फरक पडतो.

दुसरा सापळा दुरुस्तीचा. ‘मंगळवारी या... अरे नाही, मंगळवारी हॉल बंद असतो, बुधवारी या.’ मंगळवार लिहून पेन खाली ठेवलं की गुण गेला. तेरा-तीस, पंधरा-पन्नास या जोड्याही मुद्दाम येतात.

तिसरा सापळा सूचनेत असतो. ‘एकच शब्द’ असं लिहिलं असेल आणि तुम्ही ‘द लायब्ररी’ लिहिलंत, तर लायब्ररी बरोबर ऐकूनही शून्य. अनेकवचनाचा एस राहिला तरी शून्य, स्पेलिंग चुकलं तरी शून्य. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात. चुकीला उणे गुण नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडू नका.

सराव दोन प्रकारचा करा, आणि त्यांची सरमिसळ करू नका. एक, परीक्षेसारखा: एकदाच ऐकायचं, उत्तरं लिहायची. दुसरा, शाळेत बाई घालायच्या तसं शुद्धलेखन: दोन मिनिटांचा तुकडा थांबवत थांबवत शब्दन्‌शब्द लिहून काढायचा आणि मग मजकुराशी ताडून बघायचा. पहिल्यामुळे तुम्ही कुठे आहात ते कळतं. सुधारणा होते ती दुसऱ्यामुळे. कंटाळवाणं आहे, पण कान त्यानेच तयार होतो. एखादं उत्तर हुकलं तर सोडून द्या. त्याचा विचार करत बसलात की पुढची दोन जातात.

रीडिंग: तुम्हाला काय माहीत आहे ते बाजूला ठेवा

एक तास, ४० प्रश्न. ॲकॅडेमिकला तीन लांबलचक उतारे. उतारे उत्तरोत्तर अवघड होत जातात, म्हणून पहिल्याला पंधरा-सतरा मिनिटांहून जास्त देऊ नका. सगळ्यांना छळणारा प्रश्नप्रकार म्हणजे ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन. तो इथे मराठीतच सोडवून बघू.

समजा उताऱ्यात असं वाक्य आहे: ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, तेव्हा तिच्यात सुमारे चारशे प्रवासी होते.’

विधान पहिलं: गाडी ठाण्याला गेली. ट्रू. विधान दुसरं: पहिल्या गाडीत हजाराच्या वर माणसं होती. फॉल्स, कारण उतारा त्याच्या उलट सांगतो. विधान तिसरं: या प्रवाशांना तिकीट काढावं लागलं नाही. इथे गंमत होते. ते सगळे निमंत्रित पाहुणे होते हे कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून आपण खुशाल ट्रू लिहितो. उताऱ्यात तिकिटाबद्दल अवाक्षर नाही. उत्तर: नॉट गिव्हन.

फॉल्स म्हणायचं तर उताऱ्यात त्याविरुद्ध बोलणारं वाक्य बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. बोट ठेवायला जागा नसेल तर नॉट गिव्हन. माझा हा एक नियम बसला आणि रीडिंगमधल्या निम्म्या चुका थांबल्या. जास्त शिकलेली, वाचन असलेली माणसं इथे जास्त चुकतात, हेही पाहिलंय.

बाकी रीडिंग म्हणजे समानार्थी शब्दांची शोधाशोध. उताऱ्यात ‘चिल्ड्रन’ असेल तर प्रश्नात ‘द यंग’ येणार. तोच शब्द शोधत गेलात तर सापडणार नाही, किंवा सापडेल तो चुकीच्या ओळीत. नावं, वर्षं, आकडे मात्र बदलत नाहीत, त्यांच्या खुणेने जागा शोधा. आणि वाचताना मनातल्या मनात मराठी भाषांतर करत असाल तर वेळ पुरणार नाही. ती सवय मोडायला रोज एक इंग्रजी लेख वाचण्याला पर्याय नाही.

रायटिंग: इथे बहुतेकांची गाडी अडते

एक तासात दोन लेख. पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा २५०. दुसऱ्याला दुप्पट वजन आहे, म्हणून पहिल्याला वीस मिनिटं आणि दुसऱ्याला चाळीस. पहिल्यात रंगून जाऊन दुसरा अर्धवट ठेवणारे दर वेळी भेटतात.

ॲकॅडेमिकचा पहिला लेख म्हणजे आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया बघून वर्णन. कारणं सांगायची नाहीत. चहाचा खप का वाढला हे तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं. पण ‘एकंदरीत चहा वाढला आणि कॉफी घटली’ असं सारांशाचं वाक्य हवंच. ते नसलं की आकडे कितीही अचूक असोत, त्या निकषावर गुण पाचाच्या आसपास रेंगाळतात. जनरलवाल्यांना याऐवजी पत्र असतं. तिथे दिलेल्या तिन्ही मुद्द्यांना हात लागला पाहिजे.

आता निबंध. चार निकष, चौघांना सारखं वजन: विचारलेल्याचं उत्तर दिलंय का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपदा कशी, व्याकरण कसं. मी कुठे पडलो ते सांगतो. प्रश्न होता: लोक खेडी सोडून शहरात का येतात, आणि त्यावर उपाय काय? मी सुरुवात केली ‘सिन्स टाइम इममेमोरियल’ने. मग कारणांची दोन लांब परिच्छेदांत आतषबाजी केली. उपायांना शेवटी एक वाक्य: सरकारने पावलं उचलावीत. त्यानंतर ‘इन अ नटशेल’. प्रश्नाचा अर्धा भाग मी तसाच सोडला होता.

यात माझ्या शाळेतल्या निबंधांचा हात आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सुविचाराने सुरुवात, मध्ये एखादी कविता, शेवटी उपदेश. त्यावर दहापैकी आठ मिळायचे. इथे ते चालत नाही. इथे वकिली पत्रासारखं लिहायचं: मुद्दा, कारण, दाखला, पुढे चला.

एक परिच्छेद कसा बांधायचा ते बघा. मुद्दा: तरुण गाव सोडतात कारण शेती वर्षभर काम देत नाही. कारण: कोरडवाहू जमिनीत एकच पीक निघतं, उरलेले सहा-सात महिने हात रिकामे. दाखला: माझ्या गावातले कितीतरी जण दिवाळीनंतर पुण्याला बांधकामावर जातात आणि पेरणीच्या वेळी परततात. झाला परिच्छेद. इंग्रजीत लिहिला की सत्तर-ऐंशी शब्द भरतात. असे दोन, त्याला वर दोन वाक्यांची प्रस्तावना आणि खाली दोन वाक्यांचा शेवट. लिहायला लागण्याआधी पाच मिनिटं हे मुद्दे कच्चे लिहून काढा. ती पाच मिनिटं वाया जात नाहीत.

‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर बसवू नका. फोडणीत मोहरी किती घालायची याला प्रमाण असतं. पाठ केलेले भारी शब्दही चुकीच्या जागी पडले की उलट नडतात.

शेवटची चार मिनिटं फक्त तीन गोष्टी तपासायला ठेवा. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांना प्रतिशब्दच नाही, म्हणून आपण ते गाळतो. ‘ही’, ‘शी’पुढच्या क्रियापदाचा एस राहतो. आणि भूतकाळात सुरू केलेलं वाक्य वर्तमानात संपतं. आपल्या चुका बहुतेक या तिघांतच असतात. वहीत स्वतःच्या चुकांची यादी ठेवा, दुसऱ्याच्या यादीचा उपयोग नाही. आणि आता परीक्षा बहुतेक ठिकाणी संगणकावर असते, तेव्हा टायपिंगचा सरावही यातच धरा. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याला चाळीस मिनिटं पुरत नाहीत.

स्पीकिंग: समोर माणूस असतो

११ ते १४ मिनिटं, तीन भाग, आणि सगळं रेकॉर्ड होतं. आधी घर, काम, आवडीनिवडी. मग हातात विषयाचं कार्ड: एक मिनिट विचार करायला, दोन मिनिटांपर्यंत बोलायला. शेवटी त्याच विषयावर जरा खोल चर्चा.

तुमची मतं बरोबर की चूक हे परीक्षक बघत नाही. ॲक्सेंट इंग्रजांसारखा असायची गरज नाही. समजलं पाहिजे, बस. ओढूनताणून आणलेला ॲक्सेंट दुसऱ्या मिनिटाला सुटतो आणि मग दोन्हीकडून पंचाईत.

आपल्या बोलण्यातल्या काही गोष्टी मात्र आठवणीने काढा. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ नको. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ नको, ‘आय हॅव’ म्हणा. ‘कझिन ब्रदर’ आणि ‘पास्ड आउट’ इथे सगळ्यांना कळतं. बाहेर दुसऱ्याचा अर्थ बेशुद्ध पडणं असा होतो. उच्चारात आपला एकच ‘व’ इंग्रजीतल्या दोन अक्षरांचं काम करतो. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यूला ओठ गोल करायचे आणि दात लांब ठेवायचे. ‘व्हेट’ आणि ‘वेट’ आरशासमोर म्हणून बघा. शब्दातला जोरही बदलतो: ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर. मराठीत जोर कुठेही दिला तरी अर्थ हलत नाही, म्हणून आपलं तिकडे लक्षच जात नाही.

कार्डाचं एक उदाहरण. ‘तुम्हाला आवडणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीबद्दल सांगा.’ मिळालेल्या मिनिटात वाक्यं लिहायला गेलात तर दीड वाक्य होईल. चार शब्द लिहा: आजी, रेडिओ, हिशोबाची वही, एसटी. ‘ती फार प्रेमळ आहे, फार कष्टाळू आहे’ हे वीस सेकंदांत संपतं. पण आजी नव्वदाव्या वर्षी एकटी एसटीने पंढरपूरला गेली आणि घरात कुणाला सांगितलंच नाही, हे सांगायला घेतलंत तर दोन मिनिटं कमी पडतात. परीक्षकाने मध्येच थांबवलं तर घाबरू नका, वेळ संपली एवढाच त्याचा अर्थ.

पाठ केलेलं उत्तर परीक्षकाच्या लगेच ध्यानात येतं. प्रश्न कळला नाही तर सरळ पुन्हा विचारा. घरी सराव करताना फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि ऐका. पहिल्या वेळी स्वतःचाच आवाज असह्य होतो, पण ‘ॲक्च्युअली’ किती वेळा म्हणतो ते तिथेच कळतं. मी दोन मिनिटांत अकरा वेळा म्हटलं होतं.

निकाल लागल्यावर

एकूण बँड चौघांची सरासरी काढून जवळच्या अर्ध्यावर नेतात, ६.२५ आले तर ६.५ होतात, ६.७५ आले तर ७. एकच कौशल्य हुकलं असेल तर दोन रस्ते आहेत. सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. बँड वाढला तर तिची फी परत मिळते. दुसरा रस्ता ‘वन स्किल रिटेक’: संगणकावर परीक्षा दिली असेल तर ६० दिवसांत तेवढं एकच कौशल्य पुन्हा देता येतं. माझ्या वेळी ही सोय नव्हती, चारही पुन्हा द्यावी लागली. पण सगळ्याच संस्था असा निकाल धरत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी त्यांना ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसऱ्या वेळी मी क्लास लावला नाही. सहा आठवडे दर दिवसाआड एक निबंध लिहिला आणि कॉलेजच्या एका निवृत्त सरांना दाखवला. सर लाल पेनाने फक्त प्रश्नातला सुटलेला भाग अधोरेखित करायचे, बाकी काही बोलायचे नाहीत. रायटिंगला ७ आले. लिसनिंग मात्र साडेसातवर उतरलं. परीक्षेच्या दिवशी हेडफोन तपासायला देतात तेव्हा मी ‘ठीक आहे’ म्हणून टाकलं होतं, आणि आवाज अर्ध्यावरच राहिला होता. तेवढं तुम्ही करू नका: आवाज कमीजास्त करून बघा, हेडफोन सैल वाटला तर हात वर करा आणि तो बदलून मागा.